टायटनवरचा बचाव

२००६ च्या एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी यवतमाळच्या एका संगणक वर्गात, शनीच्या टायटन या चंद्रावरच्या वसाहतीत लागलेल्या आगीचा खटला चालला. वसाहतीच्या साठा-परीक्षकावर निष्काळजीपणाचा आरोप होता. तो निर्दोष सुटला. त्याचा वकील मी होतो.

तो खेळ होता. परीक्षकाची भूमिका करणाऱ्या गृहस्थांवर मात्र तसाच एक आरोप खरोखर होता. ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते आणि निलंबित होते. त्यांची विभागीय चौकशी महिनाभरावर आली होती. नोकरी राहते की जाते, हे त्या चौकशीत ठरायचं होतं.

संगणक वर्ग भांड्यांच्या एका दुकानाच्या वर होता. तो चालवणारा माझा मित्र नागपूरला अभियांत्रिकी शिकत असताना वसतिगृहात हा खेळ शिकून आला होता. खेळाचं इंग्रजी नियमांचं पुस्तक त्याच्याकडे झेरॉक्स करून बांधलेलं होतं. एक जण गोष्ट चालवतो, त्याला आम्ही सूत्रधार म्हणत असू. बाकीचे एकेक भूमिका घेतात आणि त्या भूमिकेतून बोलतात. बोलून जे सुटत नाही ते फाशावर सोडायचं. फासा लुडोच्या डब्यातला होता. पडलेलं दान परत घ्यायचं नाही, एवढा एकच नियम सगळ्यांना पाठ होता.

त्या वर्षी भारनियमन कडक होतं. दुपारी वीज गेली की संगणक बंद पडत आणि वर्ग रिकामा होई. त्या वेळात आम्ही खिडकीजवळ टेबल ओढून टायटनवर जात असू. आम्ही तिघं होतो. सूत्रधार, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या एक मॅडम आणि मी. मॅडम वसाहतीच्या प्रमुख होत्या. मी एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो आणि कोर्टाच्या बातम्या करत असे, म्हणून मला बचावाचा वकील केलेलं होतं. पहिल्या काही महिन्यांत टायटनवर कोणावरही खटला झाला नाही. वकील हवेच्या टाक्या वाहून नेण्याचं काम करत होता.

आमच्या दैनिकाच्या कार्यालयात तेव्हा सकाळी फोन वाजला की आधी गावाचं नाव विचारायचं आणि मग गाडी काढायची, असा रिवाज पडला होता. फोन शेतकऱ्याच्या आत्महत्येचाच असे, कशाचा हे विचारावं लागत नसे. रविवारची दुपार तेवढी सहसा सुटत असे.

ग्रेडरसाहेब पहिल्यांदा आले ते मार्चमध्ये. वर्गात टायपिंगची कामंही होत. त्यांच्या हातात दोषारोपपत्राला द्यायच्या उत्तराचा हाताने लिहिलेला मसुदा होता. वीज नव्हती. सूत्रधाराने त्यांना बसायला सांगितलं. ते बाभुळगावहून एम-८० वर आले होते, त्यामुळे परत जाऊन पुन्हा येणं सोयीचं नव्हतं. डोक्याचा रुमाल सोडून ते बाकावर बसले आणि आमचं बोलणं ऐकत राहिले.

"हे काय चालू हाय?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"आम्ही टायटनवर आहोत," मॅडम म्हणाल्या.

"कोठी आलं ते?"

"शनीजवळ."

"मंग बराबर हाय. माहा बी शनीच चालू हाय."

सूत्रधाराने त्यांना विचारलं, खेळता का. त्यांनी विचारलं, पैसे लागतात का. नाही म्हटल्यावर ते टेबलाशी आले. वसाहतीत वाळवलेल्या शेवाळाचे गठ्ठे साठवत, त्यावरच सगळी वसाहत जगत होती. त्या गठ्ठ्यांचा परीक्षक कोणी नव्हता. ती भूमिका त्यांनी घेतली. पहिल्याच दुपारी सूत्रधाराने त्यांच्यासमोर शेवाळाचा नवा माल आणला, म्हणजे तसं तोंडाने सांगितलं. त्यांनी हवेतच मूठ भरली, दोन बोटांनी काहीतरी ओढून पाहिलं आणि म्हणाले, "ओल हाय. रंग उतरला हाय. माती हाय." सूत्रधार तो माल परत पाठवायला निघाला.

"थांबा ना राजेहो. झालं कोठी? धागा लांब हाय. पहिला ग्रेड."

शेवाळाला धागा असतो का, यावर मॅडमनी आक्षेप घेतला. तो फेटाळला गेला.

ही त्यांची कामाची पद्धत होती. मी नंतर त्यांच्या केंद्रावर माल देणाऱ्या काही शेतकऱ्यांकडून तिची खात्री करून घेतली. कापसाची गाडी समोर आली की ते ढिगात कोपरापर्यंत हात घालत, आतली मूठ काढत आणि आधी खोट सांगत. ओल, पाला, कवडी, पिवळेपणा, जे असेल ते. सगळी खोट सांगून झाल्यावर धागा ओढून पाहत आणि मग ग्रेड बोलत. खोट ऐकून गाडीवाला भांडायला उठला तर मागचा गाडीवाला त्याला खाली बसवी. खोट ऐकायची आणि ग्रेडची वाट पाहायची, हे केंद्रावर सगळ्यांना माहीत होतं.

ही सवय केंद्रापुरती राहिली नव्हती. घरी जेवताना ते आधी मीठ जास्त झाल्याचं सांगत, मग तिखट कमी असल्याचं, आणि शेवटी भाजी चांगली झाल्याचं. त्यांच्या धाकट्या बहिणीला पाहायला बोरी अरबहून पाहुणे आले होते, तेव्हा मुलाच्या काकांनी रीतीप्रमाणे विचारलं की मुलगी कशी आहे. हे म्हणाले, "रागीट हाय. हात सैपाकाले जड हाय. मॅट्रिकले दोनदा बसली." काका उठून उभे राहिले. मुलाचे वडील याच केंद्रावर माल आणणारे होते. त्यांनी काकांचं धोतर धरून खाली ओढलं आणि म्हणाले, "बस ना गा. ग्रेडर हाय थो. ग्रेड अजून सांगतला नाही." लग्न झालं. हा प्रसंग मला त्या बहिणीच्या सासऱ्यांनी सांगितला आणि ग्रेडरसाहेबांनी त्याला दुजोरा दिला.

त्यांच्यावरचे दोषारोप दोन होते. केंद्रप्रमुख रजेवर असताना प्रभार यांच्याकडे होता. त्या काळात त्यांनी कापसाची गंजी विजेच्या तारेखाली लावू दिली, हा पहिला. गंजीला आग लागली तेव्हा ते आवारात हजर नव्हते, हा दुसरा.

दोन्ही गोष्टी घडल्या होत्या. त्या तशा का घडल्या, हे दोषारोपपत्रात नव्हतं. आवार भरलं होतं. जिनिंगला माल नेणारे ट्रक आले नव्हते. बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग सडकेपर्यंत गेली होती आणि लोक गाडीखाली झोपत होते. ग्रेडरसाहेबांनी वरिष्ठांना फोनवर विचारलं होतं, जागा फक्त तारेखाली आहे, खरेदी थांबवू का. थांबवू नका, असं त्यांना सांगण्यात आलं. हे त्यांचं म्हणणं. फोनवरच्या बोलण्याला दुसरा साक्षीदार नव्हता. आग लागली त्या दुपारी ते फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेत होते. भारनियमन संपून वीज आली, तारेतून ठिणगी पडली आणि गंजी पेटली, असं चौकीदाराने पाहिलं होतं. अग्निशमन गाडीला फोन ग्रेडरसाहेबांनीच केला. ती येईपर्यंत गंजीचा मोठा भाग जळाला होता.

या चौकीदाराची साक्ष हाच त्यांचा खरा बचाव होता. ते आम्हाला सुरुवातीपासून दिसत होतं.

एप्रिलमधल्या त्या रविवारी सूत्रधाराने टायटनवरच्या साठ्याला आग लावली. ग्रेडरसाहेबांना सुनावणीचा सराव व्हावा, असा त्याचा हेतू होता आणि त्याने आधी त्यांना तसं विचारून घेतलं होतं. टायटनच्या हवेत प्राणवायू नाही, तिथे आग लागत नाही, असं मॅडमनी बजावलं. आग घुमटाच्या आत लागली आहे, असं त्याने सांगितलं. मॅडमनी सरकारी पक्ष घेतला. न्यायाधीश सूत्रधार स्वतः झाला. डोक्यावर टॉवेल टाकून तो टेबलावर मांडी घालून बसला आणि त्याने नियमांच्या पुस्तकातून न्यायाधीशाचं वर्णन वाचून दाखवलं. हा न्यायाधीश दुसऱ्या ग्रहावरून आलेला होता. उंची तीन फूट. त्याला कान नव्हते, तो त्वचेने ऐकत असे. खोटं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतच नसे.

"आरोपीला आरोप मान्य आहेत का?" न्यायाधीशाने विचारलं.

मी उभा राहून म्हणालो, "दोन्ही अमान्य."

न्यायाधीश माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्याने मॅडमकडे पाहिलं. "वकिलांनी काही म्हटलं का? ओठ हलताना दिसले."

"सरकारी पक्षालाही काही ऐकू आलं नाही," मॅडम म्हणाल्या.

मी म्हणालो की अमान्य म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आरोप अमान्य केला तरच पुढे साक्षीदार तपासले जातात, कारणं सांगता येतात. ती पद्धत आहे.

"ती पृथ्वीवरची पद्धत," सूत्रधार म्हणाला. "याला ती माहीत नाही."

"आपला वकील तं मुका निघाला राजेहो," ग्रेडरसाहेब म्हणाले. "सरका, मीच बोलतो."

ते उभे राहिले. "गठ्ठे तारेखाली म्याच लावाले सांगतले. आग लागली तवा मी जाग्यावर नव्हतो. चहा प्याले गेलतो."

"स्वच्छ ऐकू आलं," न्यायाधीश म्हणाला.

"आता पुढचं आयका."

ते बोलत राहिले. ट्रक न आल्याचं, फोनचं, रांगेचं, ठिणगीचं सांगितलं. मॅडमनी उलटतपासणी घेतली.

"जागा नव्हती तर माल घेणं थांबवायचं."

"रांग पाह्यली का तुमी मॅडम? लोकं गाडीखाली झोपून राह्यले. लेकरं संगं. त्याईले म्हणू का, वापस जा?"

"टायटनवर गाड्या नाहीत," सूत्रधार टॉवेलखालून म्हणाला.

"मंग जे काही असन ते. वापस कायले पाठवू?"

मॅडमनी उलटतपासणी संपल्याचं सांगितलं. निकाल फाशावर जायचा होता. आरोपीचं प्रत्येक वाक्य न्यायाधीशाला ऐकू आलं, म्हणून नियमाप्रमाणे त्यांना वाढीव गुण मिळाले. आता तीन किंवा जास्त पडलं तरी पुरेसं होतं. फासा टेबलावरून घरंगळून यूपीएसच्या मागे गेला. सूत्रधाराने न्यायाधीशाच्या टॉवेलसकट गुडघ्यावर बसून तो शोधला आणि आहे तिथेच वाकून पाहायला आम्हाला बोलावलं. सहा पडले होते. ग्रेडरसाहेबांनी खाली आवाज देऊन चार चहा मागवले.

थोड्या वेळाने वीज आली. त्यांच्या उत्तराचा मसुदा मार्चपासून टाइप व्हायचा राहिला होता आणि वाढवून घेतलेली मुदत जवळ आली होती. मसुद्याची पहिली दोन वाक्यं तीच होती. गंजी मी लावायला सांगितली. मी जागेवर नव्हतो. मी ती शेवटच्या परिच्छेदात नेली, ट्रक आणि फोन वर आणले आणि सुरुवातीला लिहिलं, "दोन्ही दोषारोप मला अमान्य आहेत." त्यांनी छापलेला कागद उभ्याने वाचला.

"हे माह्यासारखं नाही वाटत."

"हे असंच लिहितात," मी म्हणालो.

"वकील तुमी. तुमी म्हणता तं राहू द्या." त्यांनी सही केली.

जिन्यात मी त्यांना पुन्हा सांगितलं की सुनावणीत पहिला प्रश्न मान्य की अमान्य, एवढाच असतो. त्याला एका शब्दात उत्तर द्यायचं. मान्य म्हटलं की चौकशी तिथेच संपते. साक्षीदार तपासत नाहीत. कारणं सांगायला जागा राहत नाही.

"पण थोडं बोलू देतीन ना."

"तिथे फासा नाही, ग्रेडरसाहेब. तो तीन फुटी न्यायाधीशही नाही."

"माणूस तं राहीन ना," ते म्हणाले. "माणूस पूर्ण आयकते." मग त्यांनी एम-८० ला किक मारली.

विभागीय चौकशीत बाहेरचा वकील सहसा चालत नाही. कर्मचाऱ्याला बचाव सहायक घेता येतो, तोही त्याच खात्यातला किंवा तिथून निवृत्त झालेला. ग्रेडरसाहेबांनी आर्णीच्या एका निवृत्त सहकाऱ्याचं नाव दिलं होतं. हा माणूस जुना होता आणि अशा चौकश्यांना बसलेला होता. मी त्याला भेटायला आर्णीला गेलो. त्याने मला मध्येच थांबवलं. "त्याले मी वीस वर्सं ओळखतो. तो खोट सांगाले लागला का मी त्याचा पाय दाबीन. तुमी फिकर करू नका."

सुनावणी मे महिन्यात यवतमाळला एका कार्यालयात ठेवली होती. सकाळी मी तिथे पोचलो तेव्हा चौकीदार आधीच व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. त्याने धुतलेला सदरा घातला होता. साक्ष कशी द्यायची, हे तो मला विचारत होता. मी सांगितलं, जे पाहिलं ते सांगा.

"ठिणगी म्या दोन डोळ्यानं पाह्यली," तो म्हणाला. "निळी होती."

निवृत्त सहकारी आला नाही. त्याच्या पुतणीचं लग्न आदल्या दिवशी होतं. सकाळी त्याने गल्लीतल्या एसटीडीवरून कार्यालयात फोन करून सांगितलं की आर्णीहून निघायला गाडी मिळत नाही, सगळ्या गाड्या वरातीला गेल्या आहेत, दुपारपर्यंत पोचतो. निरोप घेणाऱ्या कारकुनाने तो आत नेऊन दिला. चौकशी अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते आणि त्यांना त्याच दिवशी परत जायचं होतं. सुनावणी ठरल्या वेळी सुरू होईल, असं कारकुनाने बाहेर येऊन सांगितलं.

मी त्याला म्हणालो, यांच्यासोबत मी बसतो.

"तुमी कर्मचारी आहात का?"

"नाही."

"निवृत्त?"

"नाही. पत्रकार आहे."

"मंग तं बिलकुलच नाही," तो म्हणाला. "बसा बाहेर."

सुनावणी पुढे ढकलण्याचा अर्ज देता येतो, हे मी ग्रेडरसाहेबांना सांगितलं. त्यांनी चौकीदाराकडे पाहिलं. त्याने त्या दिवसाची मजुरी पाडली होती. "पुन्हा याले कोण आणीन?" ते म्हणाले. "होऊन जाऊ द्या." दार बंद होण्याआधी मी एक शब्द म्हणालो. अमान्य. त्यांनी मान हलवली.

व्हरांड्यात पंखा होता, वीज नव्हती. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बोलण्याचा आवाज आला, शब्द कळत नव्हते. ग्रेडरसाहेबांचा आवाज मी ओळखला, तो थोडा वेळ चालू होता. मध्येच तो तुटला. मग फक्त कागद सरकल्याचे आवाज आले. कोणीतरी लिहीत असावं. चौकीदाराने दोनदा उठून सदरा सारखा केला.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. खरं सांगतलं सारं."

"मान्य की अमान्य?"

"तसं नाही ना. त्याहीनं इचारलं, आरोप मान्य हाय का. म्या म्हटलं, अमान्य. तुमी सांगतलं तसंच. मंग ते म्हणे, अमान्य म्हणजे गंजी तारेखाली नव्हती का? आता होती तं मी नव्हती कसा म्हणू? म्या म्हटलं, साहेब, ते लिहाची पद्धत हाय, खरं सांगू का? सांगा म्हणे. मंग म्या सांगतलं."

"काय सांगितलं?"

"गंजी म्याच लावाले सांगतली. आग लागली तवा चहाले गेलतो."

"आणि पुढचं?"

"पुढचं आयका म्हटलं, तं ते म्हणे, पुढचं लागलं तं लेखी द्या. लिहून राह्यलो, थांबा म्हणे. मंग सही घेतली."

"कशावर?"

"रोजनाम्यावर. मान्य लिहिलं वाटते. पण साहेब चांगले होते. चहा बी पाजला."

मी कारकुनाकडे गेलो. त्याने सांगितलं, दिवसाच्या कामकाजाचा रोजनामा पूर्ण झाला, अपचाऱ्याने, म्हणजे आरोप असलेल्या कर्मचाऱ्याने, दोन्ही दोषारोप मान्य केले, सही आहे. साक्षीदाराची गरज राहिली नाही. हे सगळं तो फाइल बांधता बांधता बोलला. चौकशी अधिकाऱ्यांची जीप खाली चालू झाली होती.

चौकीदार अजून बाकावर होता.

"मंग मी काय सांगू आता?" त्याने विचारलं.

"काही नाही. जा घरी," ग्रेडरसाहेब म्हणाले. "तुह्यं काम पडलं नाही."

"पण ठिणगी म्या पाह्यली ना."

"मले माहीत हाय गा."

ते त्याला एम-८० वर मागे बसवून बसस्थानकावर सोडायला गेले. निवृत्त सहकारी दुपारनंतर पोचला. कार्यालयाचं दार तेव्हा लागलेलं होतं. त्याच्या कपाळावर लग्नातला कुंकवाचा टिळा होता. काय झालं हे मी सांगितल्यावर तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "पाय दाबाले कोणी नव्हतं."

त्या संध्याकाळी मी दैनिकाच्या कार्यालयात ही बातमी देऊ का, असं विचारलं. त्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर दोन गावं होती. एका ग्रेडरच्या चौकशीला जागा नव्हती, आणि बातमी म्हणून पाहिलं तर घडलेलं एवढंच होतं की एका कर्मचाऱ्याने आरोप मान्य केले. मी ती लिहिली नाही.

पुढच्या आठवड्यात कबुली मागे घेण्याचा अर्ज केला. तो एका वकिलाने तयार करून दिला आणि सूत्रधाराने टाइप केला. लेखी उत्तरात दोषारोप अमान्य केले होते, कबुली प्रश्न नीट न समजल्यामुळे दिली गेली, असं त्यात होतं. ग्रेडरसाहेबांनी वाचला आणि विचारलं, "प्रश्न तं मले समजला होता. हे काहून लिहिलं?" वकिलाने सांगितलं, लिहावं लागतं. त्यांनी सही केली. अर्ज नामंजूर झाला. रोजनाम्यावरची सही अपचाऱ्याची आहे आणि ती कोणत्याही दबावाशिवाय केलेली आहे, असं उत्तर आलं. जुलैमध्ये सेवेतून काढल्याचा आदेश निघाला.

त्यानंतर ते एकदा रविवारी वर्गात आले. आम्ही खेळत होतो. टायटनवर त्यांची भूमिका कोणाला दिलेली नव्हती, परीक्षकाची जागा तशीच होती. सूत्रधाराने त्यांना खुर्ची दिली. नव्या मालाचे गठ्ठे आले आहेत, तपासता का, असं त्याने विचारलं. त्यांनी मूठ भरली नाही.

"त्या तीन फुट्याले इकडं आणता येते का?" त्यांनी विचारलं.

"नियमात बसत नाही," सूत्रधार म्हणाला.

"बसलं असतं तं आणला असता का?"

"आणला असता."

"त्याच्यात खोट एकच होती," ते म्हणाले. "तुमचा वकील त्याले आयकू येत नव्हता." मॅडम हसल्या. ग्रेड त्यांनी सांगितला नाही. वीज येईपर्यंत ते बसले आणि मग अपिलाचा कागद टाइप करून घेऊन गेले. मी त्यांच्यासोबत जिना उतरलो. अपील लेखी होतं, सुनावणी होणार नव्हती.

त्या हंगामात ते खरेदी केंद्र उघडलं नाही. बाभुळगावच्या एका खाजगी व्यापाऱ्याकडे ते कापूस पाहायला बसतात, असं मला दोघांनी सांगितलं. मी गेलो त्या दिवशी ते तिथे नव्हते. व्यापारी म्हणाला की ते बसत होते, पण गिऱ्हाइकासमोर आधी खोट सांगत, त्याने भाव तुटतो की गिऱ्हाईक तुटतं ते कळत नव्हतं, म्हणून त्याने त्यांना थांबवलं. याला ग्रेडरसाहेबांकडून दुजोरा मिळाला नाही.

अपील फेटाळल्याचं पत्र त्यांना दिवाळीनंतर मिळालं. त्यात कारण एका ओळीचं होतं. अपचाऱ्याने दोन्ही दोषारोप स्वतःहून मान्य केले आहेत.